वाचकांचे प्रश्न: शहराच्या मध्यात कॅसिनो बांधताना आणि वाढवताना

या वेळच्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात: दाट वस्तीच्या शहरात कॅसिनो कसा बांधतात, आणि चालू असलेला कॅसिनो बंद न ठेवता कसा वाढवतात? जुगाराच्या बऱ्यावाईटाची चर्चा इथे नाही. प्रश्न बांधकामाचे आहेत, उत्तरंही तेवढ्यापुरतीच. आकडेमोडीसाठी सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: ३,००० चौरस मीटरचं खेळाचं दालन आणि त्यात ९०० स्लॉट मशीन.

प्रश्न (स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी): मॉलमध्येही गर्दी असते आणि मोठी दालनं असतात. मग कॅसिनोचा सांगाडा वेगळा का ठरतो? वर हॉटेलचा टॉवर असला तर अडतं कुठे?

उत्तर: नुसत्या भाराचं पाहिलं तर फारसा फरक नाही. गर्दीच्या दालनाला धरतात तोच चल भार (माणसं आणि हलतं सामान यांचं वजन) इथेही चालतो: दर चौरस मीटरला सुमारे ५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ५०० किलो. स्टँडसकट एक स्लॉट मशीन १५० ते २०० किलोच्या आसपास भरतं. नाणी जाऊन कागदी तिकिटं आल्यापासून नाण्यांच्या डब्यांचं ओझंही उतरलं आहे. खरी जड जागा म्हणजे तिजोरी आणि तिच्या लगतची रोकड-खोली. तिथे १० किलोन्यूटन किंवा त्याहून अधिक धरावं लागतं, म्हणून ही जागा नकाशावर पहिल्याच दिवशी पक्की करावी. नंतर हलवायची म्हटली की खालच्या तुळया बदलाव्या लागतात.

वाढीव कामात शेजारची इमारत पोटात घ्यायची असते तेव्हा मात्र भाराचा प्रश्न गंभीर होतो. हॉटेलच्या खोल्यांचा मजला २ किलोन्यूटनला आणि ऑफिसचा साधारण अडीचला बांधलेला असतो. भिंती पाडून तिथे मशीन मांडली म्हणजे मूळ हिशेबाच्या दुप्पट भार आला. कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवून भागेल असं बऱ्याच जणांना वाटतं. या पट्ट्या वाकण्याविरुद्ध मदत करतात, पण फ्लॅट स्लॅबमध्ये, म्हणजे तुळयांशिवाय थेट कॉलमवर टेकलेल्या स्लॅबमध्ये, कॉलमच्या डोक्याशी स्लॅबला भोक पडून तो खाली बसण्याचा धोका त्यांनी कमी होत नाही. तिथे कॉलमचं डोकं रुंद करणं किंवा पोलादी कॉलर बसवणं हाच उपाय. जुनी नाट्यगृहं आणि सभागृहं मुळात गर्दीसाठीच बांधलेली असल्यामुळे रूपांतराला तुलनेने सोपी जातात. लंडनचं १९०० साली उघडलेलं हिप्पोड्रोम २०१२ पासून कॅसिनो म्हणून चालतं आहे.

टॉवरचं दुखणं वेगळं. हॉटेलची खोली ४ ते साडेचार मीटर रुंद असते, त्यामुळे टॉवरचे कॉलम ८-९ मीटरवर येतात. खाली दालनाला १२ मीटर किंवा त्याहून मोकळा गाळा हवा असतो. मग मधे वरच्या कॉलमांचा भार खालच्या कॉलमांकडे वळवणारा, २ ते ३ मीटर खोलीच्या तुळयांचा ट्रान्सफर मजला घालावा लागतो, आणि त्या एका मजल्यावर पैसा आणि महिने दोन्ही खर्ची पडतात. जागा असेल तर टॉवर बाजूला आणि कॅसिनो त्याच्या पायथ्याच्या वेगळ्या बुटक्या इमारतीत ठेवावा. सिंगापूरच्या मरीना बे सँड्समध्ये ५५ मजल्यांचे तीन टॉवर आहेत, पण कॅसिनो त्यांच्या पोटात नाही, समोरच्या बुटक्या भागात आहे.

प्रश्न (विद्युत कंत्राटदार): मशीनच्या जागा वर्षातून दोन-तीनदा बदलतात. वायरिंग जमिनीतून न्यावं की उंच फरशीखालून? आणि एकाच सर्किटवरची मशीन कारण नसताना ट्रिप का होतात?

उत्तर: नव्या दालनात १५० मिलिमीटर उंचीची सुटी फरशी घालावी. तिच्याखाली वीज आणि डेटाचे मार्ग वेगळे ठेवावेत आणि जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे ते काटकोनातच छेदावेत. पण वाढीव कामात एक चूक नेहमी होते. जुन्या दालनात फरशी थेट स्लॅबवर असते, नव्यात ती १५० मिलिमीटर वर येते, आणि सांध्यावर उतार करावा लागतो. १ः१२ चा उतार धरला तर त्यातच १.८ मीटर जातात, तेही ऐन वर्दळीच्या वाटेवर. त्याऐवजी नवा स्लॅबच १५० मिलिमीटर खाली टाका. ही लेव्हल शटरिंग लावण्याआधी नकाशावर असली पाहिजे.

जुन्या भागात स्लॅबला भोकं पाडूनच जावं लागतं. आधी रडारने सळया शोधून त्यांच्या खुणा करा. स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला) असेल तर संरचना अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय कोअर कटिंगचं मशीन हातातही घेऊ नये. ताणलेली केबल तुटली तर जवळच्या माणसाच्या जिवावर बेततं आणि त्या गाळ्याची ताकदही जाते.

आता ट्रिपिंगबद्दल. प्रत्येक मशीनच्या इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायमधून थोडासा प्रवाह सतत अर्थिंगकडे गळतो. एकाचा तो नगण्य, पण दहा-बारा मशीन एका गळतीरक्षक ब्रेकरवर टाकली की बेरीज ब्रेकरच्या मर्यादेजवळ पोचते, आणि एखादं मशीन चालू करतानाचा झटकाही त्याला पुरतो. उपाय म्हणजे सर्किटं लहान ठेवा. दुसरी गोष्ट न्यूट्रलची, म्हणजे परतीच्या तारेची. असल्या सप्लायचा तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा प्रवाह) तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये वजा होत नाही, त्याची बेरीज होते. फेजच्या तारा गार आणि न्यूट्रल गरम, असं लक्षण दिसलं तर हेच कारण समजा. मुख्य फीडरला न्यूट्रल फेजच्या बरोबरीचा हवाच, शक्य तर दुप्पट जाडीचा घ्यावा.

प्रश्न (निवृत्त अग्निशमन कर्मचारी): कॅसिनोत चोवीस तास माणसं जागी असतात. आग लागली तर लगेच कळणारच. मग चालू दालनात स्प्रिंकलरवर (आगीवर आपोआप पाणी फवारणाऱ्या छतातल्या नळ्यांवर) एवढा भर का?

उत्तर: नेमक्या याच समजुतीने ८५ माणसांचा जीव घेतला आहे, म्हणून याचं उत्तर सविस्तर देतो.

२१ नोव्हेंबर १९८० ला सकाळी लास वेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये आग लागली. कॅसिनोच्या दालनात आणि लगतच्या उपाहारगृहात स्प्रिंकलर नव्हते. जिथे सतत माणसांचा वावर आहे तिथे आग कोणाच्या तरी नजरेस पडणारच, या तर्कावर त्या भागाला सूट मिळाली होती. पण पुढे ते उपाहारगृह रात्री बंद राहू लागलं. वापर बदलला, सूट कायम राहिली. तिथल्या थंड पदार्थांच्या कपाटाच्या वायरिंगमध्ये बिघाड झाला, आग भिंतीआड बराच वेळ धुमसत राहिली आणि बाहेर पडल्यावर काही मिनिटांत अख्खं दालन पेटलं.

मृतांपैकी बहुतेक जण ज्वाळांनी गेले नाहीत. ते वरच्या मजल्यांवर होते आणि धुराने गेले. धूर जिन्यांतून, लिफ्टच्या शाफ्टमधून आणि भूकंपासाठी ठेवलेल्या उभ्या सांध्यांतून वर चढला. स्प्रिंकलर असलेल्या भागांनी मात्र आग अडवून धरली. यानंतर तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, १० फेब्रुवारी १९८१ ला, त्याच शहरातल्या लास वेगास हिल्टनच्या आगीत ८ जण गेले. नेवाडाने मग जुन्या हॉटेलांनाही स्प्रिंकलर बसवणं बंधनकारक केलं.

यातून कामाच्या चार गोष्टी निघतात. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी आणि भिंतींमधल्या फटी तपासणीच्या यादीत हव्यात, कारण जागता माणूसही तिथे पाहू शकत नाही. दोन इमारतींच्या सांध्यात अग्निरोधक पट्टी प्रत्येक मजल्यावर हवी. धुराचा इशारा मिळताच एअर हँडलिंग युनिट आपोआप थांबली पाहिजेत किंवा धूर बाहेर फेकण्याच्या अवस्थेत गेली पाहिजेत. आणि जागेचा वापर किंवा वेळ बदलली की जुनी अग्निसुरक्षा परवानगी संपली असं समजून नव्याने तपासणी करावी. चौथी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते.

प्रश्न (प्रकल्प व्यवस्थापक): दालन चालू ठेवून त्याला लागूनच बांधकाम करायचं आहे. तात्पुरती भिंत, धूळ, स्प्रिंकलरची तोडजोड आणि मशीन हलवणं यांचा क्रम कसा लावावा?

उत्तर: भिंतीच्याही आधी बाहेर पडण्याच्या दारांचा हिशेब करा. वाढीव भाग बहुतेक वेळा बाहेरच्या भिंतीला जोडला जातो, आणि आपत्कालीन दारं त्याच भिंतीत असतात. म्हणजे कामाच्या पहिल्याच दिवशी निकासाची वाट बंद होते.

अमेरिकी संहितेत खेळाच्या दालनासाठी माणशी ११ चौरस फूट, म्हणजे जेमतेम १ चौरस मीटर धरतात. आपल्या ३,००० चौरस मीटरला सुमारे २,९०० माणसं आली. दाराची रुंदी माणशी ५ मिलिमीटर, म्हणजे एकूण साडेचौदा मीटर. माणसं हजारांवर असल्याने निकासाच्या वाटा किमान चार. आता तात्पुरत्या भिंतीने २ मीटरचं एक दार गेलं तर उरलेल्या रुंदीत किती माणसं मावतात ते काढा. तेवढीच माणसं आत घ्या, नाहीतर बांधकामाच्या भागातून अग्निरोधक छताचा संरक्षित बोळ काढून थेट रस्त्यापर्यंत न्या. बोळ काढायचा ठरला तर त्यात एक सळईसुद्धा ठेवू देऊ नका.

तात्पुरती भिंत फॉल्स सीलिंगपर्यंत नेऊन थांबवणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. खालून भिंत पक्की दिसते, पण वरच्या पोकळीतून धूळ, आवाज आणि वेळ आली तर धूरही बिनदिक्कत पलीकडे जातो. भिंत मूळ स्लॅबच्या तळापर्यंत गेली पाहिजे. पोलादी सांगाडा, दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड, निदान एक तास आग अडवेल अशी रचना, आणि पाइप-केबल जिथून जातात तिथे अग्निरोधक भरणी. बांधकामाच्या बाजूला हवेचा दाब दालनापेक्षा कमी ठेवा, म्हणजे फटीतून हवा गेली तरी ती दालनातून कामाकडे जाईल. त्यासाठी हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचा) पंखा लावावा लागतो आणि दाब मोजायचं उपकरण भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं ठेवावं लागतं. धूळ पलीकडे गेल्याची खूण सर्वांत आधी दिसते ती कॅमेऱ्यांच्या काळ्या घुमटांवर. त्यानंतर नोटा वाचणाऱ्या यंत्रांच्या तक्रारी वाढतात.

स्प्रिंकलरची लाइन तोडायची असेल तेव्हा घड्याळ लावून काम करा. अमेरिकी अग्निसंहितेनुसार २४ तासांत १० तासांहून जास्त वेळ यंत्रणा बंद राहणार असेल तर पहारा ठेवावा किंवा जागा रिकामी करावी लागते. आगीच्या अलार्मसाठी हीच मर्यादा ४ तासांची आहे. पाइप, टी, व्हॉल्व्ह आधी बाहेर जोडून, दाबाची चाचणी घेऊन तयार ठेवले तर प्रत्यक्ष जोडणी एका रात्रीत होते. शक्य असेल तिथे आधी झोन-व्हॉल्व्ह बसवून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला अख्खं दालन कोरडं पडणार नाही. वेल्डिंग किंवा कटिंग झाल्यावर एक तास तरी माणूस तिथेच बसवा. ठिणगी इन्सुलेशनमध्ये शिरली की ती लगेच पेटत नाही, धुमसते.

मशीन हलवणं हे बांधकामाच्या वेळापत्रकात वेगळी ओळ मिळण्याएवढं मोठं काम आहे. ९०० मशीनच्या दालनात ८० ते १०० चा गट धरावा आणि तेवढी मोकळी जागा आधी तयार करावी. ती नसेल तर प्रत्येक गट दोनदा हलतो. क्रम असा: नव्या जागेवर वीज आणि डेटा तपासा, कॅमेऱ्यांची नजर तपासा, मग पहाटेच्या कमी गर्दीत मशीन आणा, सील तपासा, नोंदवहीत जागेचा क्रमांक बदला, आणि नियामकाच्या अटीप्रमाणे चाचणी झाल्यावरच खेळाला खुलं करा. टेबलांचंही तसंच. कॅमेऱ्यात पत्ते, चिप आणि डीलरचे हात स्पष्ट दिसल्याची खात्री झाल्याशिवाय टेबल उघडू नये. तात्पुरती भिंत दोन फूट सरकली तरी कॅमेऱ्याची रेषा अडते, त्यामुळे भिंत सरकवण्याच्या प्रत्येक परवानगीवर पाळत-विभागाची सही घ्या.

प्रश्न (साइट अभियंता): जुन्या इमारतीला नवी जोडताना तडे जातात. सांधा कुठे आणि कधी भरावा? बहुमजली पार्किंग जोडतानाचे धोके कोणते?

उत्तर: जुनी इमारत खचायची तेवढी खचून झालेली असते. नवी अजून खचायची असते, आणि पाया चांगला असला तरी १० ते २५ मिलिमीटर खाली बसणं नवल नाही. त्यात नवं काँक्रीट आकसतं. म्हणून दोन्ही स्लॅब सळयांनी बांधून टाकू नयेत. स्वतंत्र कॉलम आणि मोकळा सांधा ठेवा, भूकंपक्षेत्रात दोन्ही इमारतींच्या डोलण्याच्या हिशेबाने तो रुंद करा. नव्याच भागात लांब स्लॅब असेल तर मधे एक पट्टा मोकळा सोडून तो दोन महिन्यांनी भरावा. वरचा सगळा भार चढल्यावरच जोडपट्ट्या अंतिम लेव्हलला बसवाव्यात. कार्पेटखाली ६ मिलिमीटरची पायरी तयार झाली तरी माणसं अडखळतात. आणि सांध्यावर मशीनची रांग कधीही मांडू नका.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. सांध्याजवळ काम झालं की त्या भागातल्या रूलेटच्या चाकांची पातळी पुन्हा तपासून घ्यावी. चाक किंचित कललं तरी चेंडू विशिष्ट बाजूला जास्त पडू लागतो, आणि खेळाच्या निष्पक्षपणाचाच प्रश्न उभा राहतो.

पार्किंगबद्दलचं उदाहरण दुःखद आहे. ३० ऑक्टोबर २००३ ला अटलांटिक सिटीत ट्रॉपिकाना कॅसिनोच्या विस्तारातलं दहा मजली पार्किंग बांधकाम चालू असतानाच कोसळलं आणि ४ कामगार मेले. वर काँक्रीट ओतणं चालू होतं. चौकशीत स्लॅबच्या सळया आधारात पुरेशा रोवल्या नसल्याचं आणि टेकूंच्या व्यवस्थेतही त्रुटी असल्याचं पुढे आलं. स्लॅब आणि कॉलमचा जोड हाच अशा इमारतीचा प्राण आहे. सळई कॉलमच्या किंवा भिंतीच्या गाभ्यापर्यंत जाऊन तिथे पूर्ण लांबीने रुतलेली हवी. कडेच्या कॉलमपाशी जागा कमी पडते, तिथे सळई आखूड ठेवण्याचा मोह होतो, आणि घात तिथेच होतो.

टेकूंचा हिशेब करून पाहा. ओलं काँक्रीट घनमीटरला २५ किलोन्यूटन. २०० मिलिमीटरच्या स्लॅबचा भार दर चौरस मीटरला ५, त्यावर माणसं आणि यंत्रं मिळून अडीच, एकूण साडेसात. पार्किंगचा खालचा स्लॅब कायमच्या वापरासाठी २ ते अडीच किलोन्यूटनलाच बांधलेला असतो आणि त्याचं काँक्रीटही अजून कोवळं असतं. तो एकटा हे पेलणार नाही. भार खालच्या तीन मजल्यांवर तरी वाटला गेला पाहिजे, टेकू एकाखाली एक ओळंब्यात हवेत, आणि काढण्याचा निर्णय दिवस मोजून न घेता काँक्रीटच्या नमुन्याच्या घनाच्या किंवा स्लॅबमधून कापून काढलेल्या गाभ्याच्या ताकदीवर घ्यावा. पोलादी डेकवर स्लॅब टाकताना वेगळी काळजी: बीमचे सगळे बोल्ट आवळून, तपासून झाल्याखेरीज पंप चालू करू नका, आणि काँक्रीट एका जागी ढीग करून मग पसरवू नका.

तपासणीची सही खोटी असली तर काय होतं हे लास वेगासच्या हार्मन टॉवरने दाखवलं. ४९ मजल्यांचा नियोजित असलेल्या या टॉवरमध्ये २००८ साली जोडतुळयांमधल्या सळया चुकीच्या बसवल्याचं उघड झालं, आणि रोजच्या तपासणी अहवालांत मात्र त्या ठीक असल्याची नोंद होती. टॉवर अर्ध्यावर थांबवला गेला, एकदाही उघडला नाही, आणि २०१४-१५ मध्ये तो वरून खाली, मजला-मजला करून उतरवावा लागला. आजूबाजूला चालू इमारती होत्या, त्यामुळे स्फोटाने पाडणं शक्य नव्हतं. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक जोडाचा मोजपट्टीसह फोटो घ्या, त्यावर तारीख आणि ग्रिड क्रमांक घाला.

प्रश्न (नगररचना विभागातील वाचक): शहरात खोदकामात आणि शेजारच्या इमारतींबाबत नेमकं काय पाहावं?

उत्तर: जमिनीखालचे नकाशे जुने आणि अपुरे असतात, असं धरूनच सुरुवात करा. शिकागोत नदीकाठच्या कायम कॅसिनोच्या योजनेत २०२४ साली हॉटेल टॉवरची जागाच बदलावी लागली, कारण त्याच्या पायामुळे शहराच्या पाण्याच्या वाहिन्यांना धक्का बसला असता. पायाचा आराखडा गोठवण्यापूर्वी चाचणी-खड्डे हाताने खोदून वाहिन्यांची खोली प्रत्यक्ष मोजा. नकाशावरची रेष आणि खरा पाइप यांत मीटरभराचा फरक सहज निघतो.

शेजाऱ्यांच्या इमारतींची काम सुरू होण्याआधी खोलीवार पाहणी करून तड्यांची नोंद घ्या, जमल्यास शेजाऱ्यांच्या सहीने. ठोकून बसवायचे पाइल (पायाचे खोल खांब) टाळून भोक पाडून भरायचे पाइल वापरा. कंपनांसाठी जर्मन मानकातल्या मर्यादा उपयोगी पडतात. कमी वारंवारतेच्या कंपनांना पायाशी व्यापारी इमारतीसाठी सेकंदाला २० मिलिमीटर, घरांसाठी ५ आणि जपणुकीच्या जुन्या वास्तूंसाठी ३. मर्यादेच्या सत्तर टक्क्यांवर इशारा वाजेल असं उपकरण लावा. नुकसान झाल्यावर मोजमाप करून काही हाती लागत नाही.

प्रश्न (वातानुकूलन तंत्रज्ञ): बाहेरची हवा किती घ्यावी? थंडावा किती टनांचा?

उत्तर: अॅश्रेच्या (अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या) मानकात कॅसिनोसाठी माणशी सेकंदाला ३.८ लिटर आणि शिवाय दर चौरस मीटरला ०.९ लिटर असा हिशेब आहे. दालनात १,५०० माणसं धरली तर ५,७०० अधिक २,७००, म्हणजे ८,४०० लिटर. हा धूम्रपानबंदी असलेल्या दालनाचा आकडा आहे. धूम्रपानाची जागा असेल तर तिला वेगळं युनिट, वेगळा एक्झॉस्ट आणि कमी दाब हवा. तिची परतीची हवा दालनात येता कामा नये.

उष्णतेचं म्हणाल तर मशीन सरासरी २०० वॅट धरा. ९०० ची १८० किलोवॅट, म्हणजे ५१ टन (थंडाव्याचा एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट). माणसं १३० वॅटप्रमाणे १९५ किलोवॅट, ५५ टन. दिवे आणि बाहेरच्या हवेचा भार यावर वेगळा. माणसांचा भार कमी-जास्त होतो, मशीनचा रात्रंदिवस तेवढाच राहतो. त्यामुळे हिवाळ्यातही मधल्या भागाला थंडावा लागतो आणि चिलरला (थंड पाणी करणाऱ्या यंत्राला) विश्रांती मिळत नाही. एक चिलर दुरुस्तीला गेला तरी बाकीचे भार पेलतील, अशी संख्या ठेवा. वाढीव भागाला जुन्या चिलरवर टाकण्याआधी पाइपातला प्रवाह मोजा. टनेज शिल्लक दिसतं, पण पंप आणि पाइप पुरे पडत नाहीत, असं वारंवार होतं.

प्रश्न: रोकड मोजण्याच्या खोलीच्या बांधकामात काय वेगळं?

उत्तर: भिंती स्लॅबपासून स्लॅबपर्यंत, डक्टमध्ये लोखंडी गज, एका वेळी एकच दार उघडेल अशी दुहेरी दारं आणि पारदर्शक टेबल. दिव्यांची सावली टेबलावर पडू नये, कारण कॅमेऱ्याला नोटेचा आकडा दिसायला हवा. रोकडीची गाडी बंद फाटकाच्या आत उभी राहील आणि तिथून खोलीपर्यंतची वाट गिऱ्हाइकांच्या वाटेला छेदणार नाही, याची सोय आराखड्यातच करावी लागते.

प्रश्न: कॅसिनोला खिडक्या नसतात. त्या ठेवू नयेत असा नियम आहे का?

उत्तर: इमारतींच्या संहितेत तसं बंधन नाही, ती व्यवसायाची जुनी सवय आहे. ऊन पडद्यांवर चमकतं आणि कॅमेऱ्याला दिपवतं, ही मात्र खरी अडचण. छतातून उजेड घ्यायचा असेल तर तो वाटांवर आणि बसण्याच्या जागांवर घ्या, टेबलांवर नको.

प्रश्न: परवान्यात खेळाचं क्षेत्रफळ ठरलेलं असतं. वाढ करताना ते कसं सांभाळावं?

उत्तर: सिंगापूरमध्ये प्रत्येक कॅसिनोला १५,००० चौरस मीटरची मर्यादा होती. २०१९ मध्ये विस्ताराच्या वेळी मरीना बे सँड्सला त्यात २,००० ची आणि रिसॉर्ट्स वर्ल्डला ५०० ची वाढ मिळाली. म्हणजे इमारत कितीही वाढली तरी खेळाची जागा तोलूनमापूनच मिळते. वाट, बार, स्वच्छतागृहं या मोजणीत धरायची की नाही हे नियामकाकडून लेखी घ्या आणि सीमारेषा नकाशावर रंगवून त्यावर शिक्का घ्या. मशीनची एक रांग रेषेपलीकडे गेली तर दालन उघडण्याची परवानगी अडकते.

प्रश्न (देखभाल विभाग): नवा भाग ताब्यात घेताना कोणती एक चाचणी टाळू नये?

उत्तर: मुख्य वीज खरोखर बंद करून पाहण्याची. जनरेटर नुसता चालवून बघणं पुरेसं नाही. पूर्ण भार जोडलेला असताना मुख्य ब्रेकर पाडा आणि घड्याळ लावा. आपत्कालीन दिवे आणि अलार्मचा पुरवठा १० सेकंदांच्या आत परत आला पाहिजे. कॅमेरे, रेकॉर्डिंग आणि मशीनचे सर्व्हर यूपीएसवर असल्याने क्षणभरही थांबता कामा नयेत. नंतर रेकॉर्डिंग काढून तो मिनिट प्रत्यक्ष पाहा, त्यात चित्र तुटलेलं आहे का ते तपासा. चिलर एकदम सुरू न होता टप्प्याटप्प्याने सुरू होतात का, हेही बघा. सगळे एकदम उठले तर जनरेटर बसतो. शेवटी वीज परत देताना पुन्हा मोजा. जाताना सुरळीत चाललेली यंत्रणा परतीच्या बदलात अडकल्याचं बरेचदा दिसतं. ही चाचणी दालन रिकामं असताना घ्या, आणि जुना भाग त्याच फीडरवर असेल तर तोही त्या वेळी रिकामा ठेवा.